रजेवरचा जवान आणि त्याचा संसार



युद्धाचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणे सीमेकडे जाते. कोणती ठाणी घेतली, कोणती राखली, किती वीरांना वीरमरण आले, याची वार्ता वर्तमानपत्रांतून व आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचते. परंतु त्याच युद्धाच्या काळात एखादा जवान चार आठवड्यांची रजा घेऊन अकोला, मूर्तिजापूर किंवा बडनेरा स्थानकावर उतरतो, एस.टी.ने आपल्या गावी येतो आणि ठरलेल्या तारखेस परत जातो. या घटनेची वार्ता होत नाही. ती व्हावी असेही नाही. मात्र त्या चार आठवड्यांत दोन माणसांना आपला संसार पुन्हा मांडावयाचा असतो, पुढील वर्षभराचे निर्णय घ्यावयाचे असतात आणि परत येणे अनिश्चित आहे ही जाणीव मनात दडवून हसतमुखाने निरोपही घ्यावयाचा असतो. जवानाच्या रजेचा हा प्रश्न वरकरणी खाजगी वाटला, तरी शासकीय अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. कारण त्या मोजक्या दिवसांपैकी बरेचसे दिवस आपल्याच कचेऱ्यांत, समारंभांत व चावड्यांवर खर्ची पडत असतात.

वऱ्हाड आणि सैन्य

सैनिकांचे जिल्हे म्हटले की महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर ही नावे प्रथम घेतली जातात. वऱ्हाडची ओळख कापसाची. तथापि या प्रदेशाचा लष्कराशी असलेला संबंध जुना आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तो मुळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. अचलपूरला लागून असलेले परतवाडा हे गाव छावणीच्या आधारानेच वाढले. पुढे १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. सैन्याचे बंद झालेले हे दार पुन्हा उघडावे यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला होता. ते उघडल्यामुळे ज्यांना स्वतःची शेती नव्हती, अशा अनेक घरांतील तरुणांना पगार व प्रतिष्ठा देणारा एक मार्ग मिळाला. आज नागपूरजवळील कामठी येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. सैनिकी टपालसेवेचे केंद्रही तेथेच आहे. जवानाच्या घरी येणारे पत्र ज्या यंत्रणेतून जाते, तिची माणसे विदर्भातच तयार होतात, ही गोष्ट वऱ्हाडी घरांना आपलेपणाची वाटावी अशी आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील लष्करी परंपरेच्या गावात आणि वऱ्हाडातील गावात एक महत्त्वाचा फरक आहे. जेथे प्रत्येक आळीत एक तरी फौजी असतो, तेथे रजेवर आलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला काय हवे असते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अनुभवाने माहीत असते. सासूने स्वतः तेच दिवस काढलेले असतात. वऱ्हाडातील पुष्कळ गावांत मात्र फौजी घर एखादे-दुसरेच असते. त्या घरातील सुनेला आपल्या अवस्थेतील दुसरी स्त्री गावात भेटत नाही. तिच्या सासूचा नवरा जन्मभर त्याच वावरात राबलेला असतो. त्यामुळे तिने मन मोकळे करावे कोणाजवळ, हा प्रश्न राहतोच.

महायुद्धांच्या काळातील ताटातूट

आजच्या पिढीला त्या काळच्या ताटातुटीची कल्पना येणे कठीण आहे. १९३९ साली सुमारे दोन लाखांच्या घरात असलेले भारतीय सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. ही भरती सक्तीची नव्हती. दुष्काळ, कर्ज व बेकारी यांनी गांजलेल्या अनेक घरांनी आपला मुलगा पगारासाठी पाठविला. चौथी भारतीय डिव्हिजन १९३९ मध्ये समुद्रापार गेली, ती आफ्रिका, इटली व ग्रीस येथील मोहिमा आटोपून युद्ध संपल्यावरच मायदेशी परतली. अशा तुकड्यांतील कित्येक शिपायांना घरची रजा वर्षानुवर्षे मिळू शकली नाही.

त्यांची पत्रे सैनिकी तपासनीस वाचून पाहत असत. त्या तपासणीचे अहवाल आज ब्रिटिश ग्रंथालयात जतन केलेले असून अभ्यासकांनी ते बारकाईने वाचले आहेत. त्यांत पराक्रमाच्या वर्णनापेक्षा घरची काळजी अधिक आहे. पगारातून घरी लावून दिलेली रक्कम पोहोचली की नाही, धान्य व कापड मिळते की नाही, भावाने जमिनीत वाटा मागितला का, पत्नी सासरी आहे की माहेरी गेली, आणि तिच्याविषयी गावातून आलेली एखादी कुजबूज खरी की खोटी, या प्रश्नांनी ती पत्रे भरलेली आहेत. १९४२-४३ मध्ये महागाईने व कापडटंचाईने कळस गाठला, तेव्हा ही चिंता अधिकच वाढली. शिपायाला लिहिता येत नसे आणि पत्नीला वाचता येत नसे. दोघांच्या मध्ये पत्र लिहून देणारा एक सोबती आणि वाचून दाखविणारा एक शाळामास्तर उभा असे. नवरा-बायकोने एकमेकांस जे सांगावयाचे, ते चौघांच्या कानांवर गेल्याशिवाय एकमेकांपर्यंत पोहोचत नसे.

अशा घरांत पाच-सहा वर्षांनी परतलेला पुरुष आणि बालपणी लग्न होऊन त्याच्या गैरहजेरीत मोठी झालेली स्त्री ही दोन अनोळखी माणसेच होती. इंग्लंड व वेल्समध्ये १९३९ साली घटस्फोटांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. ती १९४७ मध्ये साठ हजारांवर गेली. घाईत झालेली लग्ने, दीर्घ विरह आणि परतल्यावर न जुळलेली मने ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. वऱ्हाडात असा आकडा शोधूनही सापडणार नाही. अनेक जातींत काडीमोड व पाट या रूढी होत्या, पण त्यांची नोंद सरकारदप्तरी होत नसे. ज्या जातींत त्या नव्हत्या, तेथील स्त्रीला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत या प्रांतात कायदेशीर घटस्फोटाचा मार्गच नव्हता. संसार मोडल्याची नोंद नाही, यावरून तो सुखाचा होता असे अनुमान काढणे बरोबर होणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतरची युद्धे अल्पकाळाची झाली. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने निर्णायक ठरले. तथापि युद्ध अल्पकाळाचे असले, तरी जवानाची घरापासून होणारी ताटातूट अल्पकाळाची नसते. तयारीचे महिने आणि युद्धविरामानंतर सीमेवर राहण्याचे महिने त्याला जोडले जातात. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये सैन्य सीमेवर गेले, ते ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे दहा महिने तेथे राहिले. युद्ध झाले नाही, पण युद्धाची सारी टांगणी त्या दहा महिन्यांत घरोघरी होती. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटताच रजेवरील जवानांना परत बोलाविण्यात आले. त्या वेळी शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील एका जवानाला लग्नानंतर दोन-चार दिवसांतच परत निघावे लागल्याचे वृत्त महाराष्ट्रभर वाचले गेले. हळद उतरण्यापूर्वी निघालेल्या त्या तरुणाचे आणि त्याला निरोप देणाऱ्या वधूचे सर्वांनी कौतुक केले. ते योग्यच होते. परंतु वर्तमानपत्रातील छायाचित्रानंतर त्या घरात उरलेल्या नववधूचे दिवस कसे जातात, तिचे नाव पतीच्या सेवापुस्तकात लागले की नाही, याची चौकशी करणे हे समाजाचे व प्रशासनाचे पुढचे काम असते.

सैन्यातील रजेचे स्वरूप या ठिकाणी ध्यानात घेतले पाहिजे. शांततेच्या काळात जवानास वर्षाला साठ दिवसांची वार्षिक व तीस दिवसांची नैमित्तिक रजा साधारणतः मिळू शकते. परंतु सेवेच्या गरजेनुसार ती नाकारता येते, कमी करता येते आणि मध्येच रद्दही करता येते. सैन्य कायदा, १९५० च्या कलम ३९ नुसार रजा उलटून राहणे हा अपराध आहे. इतकेच नव्हे, तर आपल्या तुकडीला प्रत्यक्ष युद्धसेवेचा हुकूम झाल्याचे अधिकृतपणे कळल्यावर सबळ कारणावाचून विनाविलंब हजर न होणे, हाही त्याच कलमाखाली अपराध आहे. म्हणून रजेवरच्या जवानाच्या संसारात उद्याची खात्री नसते. पूर्वी तारवाला सायकलवरून येताना दिसला की घरातील बायकांच्या हातातले काम थांबे. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. आता तोच हुकूम भ्रमणध्वनीवर येतो, आणि तो रात्री केव्हाही वाजू शकतो, एवढाच काय तो फरक.

रजेचा हिशेब

समजा, अकोला जिल्ह्यातील एका कापूस पिकविणाऱ्या गावचा जवान तीस दिवसांच्या रजेवर आला. प्रवासाचा काळ जमेस धरता घरी राहण्यास त्याला पंचवीस दिवस मिळतात. पहिले दोन-तीन दिवस भेटीगाठींत जातात. आल्यागेल्यांचा चहा, ग्रामदैवताचे दर्शन, थोरांच्या पाया पडणे यांतून त्याची सुटका नसते, आणि त्यालाही ती नको असते. नंतर दोन दिवस बहिणीकडे, दोन दिवस सासुरवाडीला. वडिलांच्या नावावरील जमिनीच्या वाटणीचा फेरफार अडलेला असतो. त्यासाठी तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये खेपा होतात. पहिल्या खेपेस संबंधित कर्मचारी दौऱ्यावर असतात. दुसऱ्या खेपेस एक कागद कमी पडतो. बँकेत खाते आणि आधार यांचे नाव जुळत नाही. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया त्याच्या येण्यापर्यंत थांबविलेली असते. वेचणीचे दिवस असतील, तर मजूर मिळत नाहीत म्हणून तो स्वतः वावरात उतरतो. शाळेत सत्कार, मंडळात सत्कार. एका नातलगाच्या लग्नाची तिथी त्याच्या रजेत पाहूनच धरलेली असते.

ही बेरीज केली, तर पंचविसांतील अठरा दिवस गेले. उरलेल्या सात दिवसांत तो पत्नीशी केव्हा बोलतो? दोन खोल्यांच्या घरात आई-वडील, धाकटा भाऊ व मुले असतात. रात्रीही ओसरीवर गप्पा रंगतात आणि लढाईच्या गोष्टी ऐकण्यासाठी मित्र उठत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांसमोर पतीशी फार बोलू नये, ही रीत वऱ्हाडातील अनेक घरांत आजही पाळली जाते. ज्या माणसाची तिने वर्षभर वाट पाहिली, त्याला ती ताट वाढते, पाणी देते, आणि त्याच्याविषयीच्या बातम्या तो इतरांना सांगत असताना दाराआडून ऐकते. रजेचा सर्वांत लहान वाटा तिच्या पदरी पडतो, आणि याची तक्रार करण्याचीही सोय तिला नसते.

तिची बाजू

पती दूर असताना ही स्त्री नुसती वाट पाहत बसलेली नसते. मृग लागला की बियाण्याची सोय, सेवा सहकारी संस्थेचे कर्ज, निंदणाच्या मजुरांची मजुरी, मुलांची शाळा, सासऱ्याचे औषध हे सारे तिच्यावर येऊन पडते. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात पणन महासंघाच्या केंद्रांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागत आणि चुकाऱ्याची वाट पाहावी लागे, हे वऱ्हाडातील जुन्या मंडळींना आठवत असेल. फौजी घरांतील स्त्रियांनी तेही दिवस निभावले. त्यातून तिला व्यवहार कळू लागतो. कोणाचे किती देणे, कोणता व्यापारी मापात मारतो, कोणत्या शेतात तूर चांगली येते, हे तिला पतीपेक्षा अधिक माहीत होते.

नेमका येथेच रजेवर आलेल्या पतीशी तिचा पहिला खटका उडतो. त्याला घर सोडून गेला होता तसेच सापडावे असे वाटते. तिने बैल विकला, मुलाला दुसऱ्या शाळेत घातले, दिराला पैसे देण्याचे नाकारले, हे निर्णय त्याला परस्पर घेतलेले वाटतात. सासू-सासऱ्यांच्या तक्रारीही पहिल्या आठवड्यातच त्याच्या कानांवर घातल्या जातात. तो महिनाभर कर्ता होतो, चार निर्णय फिरवितो आणि निघून जातो. त्या फिरविलेल्या निर्णयांचे परिणाम पुढचे अकरा महिने तिला निस्तरावे लागतात. समंजस जवान आल्यावर प्रथम पत्नीकडून सारा हिशेब समजून घेतो आणि तिने घेतलेला निर्णय चारचौघांत खोडून काढीत नाही. असे घर रजेनंतरही सुरळीत चालते.

पैशाची बाबही अशीच नाजूक आहे. पूर्वी मनीऑर्डर वडिलांच्या नावे येई आणि सुनेच्या हाती काय द्यावयाचे ते सासरा ठरवी. आता पगार बँकेत जमा होतो. तथापि खाते जवानाच्या एकट्याच्या नावावर असेल आणि कार्ड धाकट्या भावाच्या हाती असेल, तर पत्नीची अवस्था पूर्वीप्रमाणेच राहते. संयुक्त खाते उघडणे हे रजेतील अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याने पत्नीला जो आधार मिळतो, तो एखाद्या दागिन्याहून मोठा असतो. पती पत्नीचे व मुलांचे पोषण टाळीत असेल, तर त्याच्या वेतनातून त्यांच्यासाठी रक्कम कापण्याची तरतूद सैन्य कायद्यात आहे, हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस माहीत असले पाहिजे.

त्याची बाजू

जवानाची बाजूही तितक्याच सहानुभूतीने पाहिली पाहिजे. ज्याने महिनोन्महिने गोळीबाराच्या छायेत काढले, तो गाडीतून उतरताच गावाच्या संथ लयीत मिसळू शकत नाही. फटाक्याच्या आवाजाने दचकणे, रात्री झोप न लागणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे किंवा कोणाशीच न बोलणे, असे प्रकार घडतात. घरच्यांना वाटते, हा बदलला. पत्नीला वाटते, आपल्यावर राग आहे. गावातील शहाणे दारूची शिफारस करतात. पहिल्या महायुद्धात या अवस्थेला शेल शॉक हे नाव मिळाले आणि तेव्हापासून वैद्यकशास्त्राने तिचा अभ्यास केला आहे. तो भित्रेपणा नाही आणि बाहेरची बाधाही नाही. मनावरील आघाताचा तो परिणाम असून त्यावर उपचार आहेत. केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. सशस्त्र दलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. ही माहिती जवानाच्या पत्नीपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे, कारण लक्षणे प्रथम तिच्याच नजरेस पडतात.

दुसरी बोच मुलांची असते. दोन वर्षांचे मूल वडिलांना ओळखत नाही, त्यांच्याकडे जात नाही, आजोबांनाच बाबा म्हणते. घरचे हसतात, जवानही हसतो, पण ते त्याला लागते. मूल अंगाखांद्यावर खेळू लागावे, तोच जाण्याचा दिवस येतो. अशा वेळी शिक्षकाने किंवा अंगणवाडी सेविकेने एक साधी गोष्ट करावी. जवान रजेवर असताना मुलाला शाळेत सोडण्या-आणण्याचे काम त्यालाच द्यावयास सांगावे. त्याचा सत्कार करून भाषण ऐकविण्यापेक्षा वर्गात मुलाच्या शेजारी अर्धा तास बसू दिले, तर पिता-पुत्र दोघांनाही ते अधिक मोलाचे वाटेल.

रजेतील लग्न

अविवाहित जवानाच्या रजेत बहुधा लग्न उरकले जाते. मुलगी पाहणे, बोलणी, साक्षगंध आणि लग्न हे सारे तीन आठवड्यांत बसवावे लागते. चातुर्मासात लग्ने होत नाहीत, पौषात बहुतेक घरे टाळतात. रजा मात्र पंचांग पाहून मंजूर होत नाही. १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या घरांत मुहूर्ताचे बंधन राहिले नाही. त्यामुळे तेथील फौजी तरुणांची ही अडचण पुष्कळ कमी झाली. इतर समाजांतही अशा प्रसंगी मुहूर्ताचा आग्रह सैल करण्यास हरकत नसावी. मात्र घाई मुहूर्ताची असावी, चौकशीची नसावी. वधूचे वय पूर्ण अठरा आहे का, तिची स्वतःची संमती आहे का, पती सीमेवर असताना ती कोठे व कशी राहणार आहे, हे प्रश्न लग्नाआधी विचारले गेले पाहिजेत. सीमाभागातील नेमणुकीवर कुटुंब नेता येत नाही, हे वधूपक्षाला स्पष्ट सांगितले पाहिजे. पुष्कळ कटुता या एका गोष्टीच्या लपवाछपवीतून उत्पन्न होते.

लग्नाइतकीच त्याची नोंदणी महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणीची व्यवस्था केलेली असून गावात ते काम ग्रामसेवकाकडे असते. हे प्रमाणपत्र मिळाले की जवानाला आपल्या तुकडीत पत्नीचे नाव अधिकृतपणे नोंदविता येते. वैद्यकीय सेवा, निवासस्थान, विमा आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवल्यास कुटुंब निवृत्तिवेतन हे सारे त्या नोंदीवर अवलंबून असते. जवान परत निघण्यापूर्वी हे प्रमाणपत्र त्याच्या हाती पडले नाही, तर ते काम पुढील रजेपर्यंत राहते, आणि युद्धकाळात पुढील रजेचा भरवसा कोणी द्यावा?

रजेनंतर काही महिन्यांनी अनेक घरांत पाळणा हलतो. गर्भवती असताना पती दूर असणे ही या स्त्रियांची नेहमीचीच स्थिती आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, दुसऱ्या वेळी तीही सोय असतेच असे नाही. गावातील आशा कार्यकर्ती व परिचारिका यांनी अशा घरांची आठवण ठेवून तपासणी, वाहन व रुग्णालय यांची व्यवस्था आधीच पाहिली, तर सीमेवरील माणसाच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. मूल केव्हा व्हावे, किती अंतराने व्हावे, हा निर्णय मात्र त्या दोघांचा आहे. रजा संपेपर्यंत सुनेकडून गोड बातमीची अपेक्षा करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो त्यांच्यावर सोडावा.

कायदा काय देतो

न्यायालयीन कामांसाठी जवानाच्या रजेचे महत्त्व कायद्यानेही ओळखले आहे. सैन्य कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे दाव्यासाठी रजा घेतल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जवानाने न्यायालयास सादर केले व तसा अर्ज केला, तर शक्यतो त्या रजेच्या मुदतीतच दाव्याची सुनावणी व निकाल व्हावा अशी तरतूद आहे. तसेच १९२५ च्या भारतीय सैनिक वादविषयक कायद्यानुसार युद्धजन्य परिस्थितीत सेवा करीत असलेल्या व हजर राहू न शकणाऱ्या सैनिकाविरुद्धचे काम स्थगित ठेवता येते. भाऊबंदकीचा दावा सीमेवरील माणसाच्या पाठीमागे एकतर्फी निकाली निघू नये, हा त्यामागील हेतू आहे. आपल्या जिल्ह्यांतील किती जवानांना या दोन तरतुदी माहीत आहेत? ही माहिती देण्याचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांबरोबरच तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांनीही करावयास हवे.

एका दुःखद विषयाचा उल्लेख टाळून चालणार नाही. काही रजा शेवटच्या ठरतात. अशा वीरपत्नीच्या पुढील आयुष्याविषयी कायदा हळूहळू उदार होत गेला. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई, मात्र तिने दिवंगत पतीच्या भावाशीच लग्न केल्यास तो चालू राही. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. दिराशी लग्न करावे की अन्य कोणाशी, की करूच नये, हे ठरविण्याचा तिचा अधिकार शासनाने मान्य केला. गावाने व घराने तो मान्य करणे अद्याप अनेक ठिकाणी बाकी आहे.

आपण काय करावे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची मोझरी अमरावती जिल्ह्यातच आहे. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी सीमेवर जाऊन जवानांना भजने ऐकविली आणि धीर दिला. ग्रामगीतेत स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी स्वतंत्र अध्याय लिहिला. सीमेवरील जवान आणि गावातील स्त्री या दोघांचीही चिंता एकाच मनाने वाहता येते, याचे हे आपल्या भूमीतील उदाहरण आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील सेवारत जवानांच्या कुटुंबांची यादी ठेवावी आणि घरच्या कर्त्या स्त्रीशी वर्षातून दोनदा तरी विचारपूस करावी. जवान येणार असे कळताच त्याची अडलेली कामे कोणती ते आधीच विचारून कागद तयार ठेवावेत, म्हणजे तहसीलच्या पाच खेपांचे काम एका खेपेत होईल. तालुका कचेऱ्यांनी रजेवरील जवानाचा अर्ज पुढील तारखेवर ढकलू नये. त्याला पुढील तारीख नसते. सत्कार करावयाचाच असेल, तर एकच करावा, त्यात पत्नीलाही सन्मानाने बसवावे आणि तो तासाभरात आटोपावा. फौजी घरे विखुरलेली असल्याने तालुक्यातील जवानांच्या पत्नींचा एकत्र मेळावा वर्षातून एकदा, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या निमित्ताने, घेता येईल. सैनिकांच्या पत्नींचे कल्याण पाहणारी संस्था सैन्यात १९६६ पासून काम करीत आहे. पण छावणीत न राहणाऱ्या खेड्यातील स्त्रीपर्यंत तिचा हात सहजी पोहोचत नाही. ती उणीव गावानेच भरून काढावयाची आहे.

घरातील वडील मंडळींनाही एक विनंती करावीशी वाटते. मुलगा आपला आहे, त्याच्यावर आपला हक्क आहे, हे खरेच. परंतु तो ज्या दिवशी येतो, त्या दिवशी सायंकाळी पाहुण्यांना लवकर निरोप द्यावा. रजेतील दोन दिवस त्या दोघांनी मुलांसह चिखलदऱ्याला किंवा कौंडण्यपूरला जाऊन यावे, असे आपण होऊन सुचवावे. सुनेने मागितले तर ते हट्ट ठरते. सासूने सुचविले की तेच मायेचे होते.

रजा संपते, पिशवी भरली जाते, चटणी व लोणच्याच्या बरण्या बांधल्या जातात. सारे घर फाट्यापर्यंत पोचवावयास जाते. एस.टी. हलल्यावर घरी परतणाऱ्या त्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा वावरात जावयाचे असते. फेरफार झालेला असेल, खात्यावर तिचे नाव लागलेले असेल, मनातले चार शब्द निवांतपणे बोलून झाले असतील, तर ती निश्चिंत मनाने जाईल आणि सीमेवर पोहोचलेला जवानही तितक्याच निश्चिंत मनाने आपल्या कामावर उभा राहील. एवढे घडवून आणण्यास मोठा निधी लागत नाही. गावातील व कचेरीतील माणसांनी त्या पंचवीस दिवसांची किंमत ओळखली, तरी पुरेसे आहे.